दोघांत एक पुस्तक

नगरच्या छावणीजवळ आमच्या बंधुमंडळाचं लॉज, म्हणजे सभेचं घर, होतं. बाहेरचे लोक त्याला जादूघर म्हणत. मी सभासद झालो तेव्हा मलाही वाटलं, आता काहीतरी गुपित कळणार. कळलं ते एवढंच, की नव्या माणसानं आधी जुने ग्रंथ वाचायचे.

पुस्तकांचं कपाट काष्टी गावाकडच्या एका वयस्कर बागायतदारांच्या ताब्यात असे. तिथं सगळेच एकमेकांना ‘बंधू’ म्हणत, त्यामुळे त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. फेट्याच्या शेमल्यानं पुस्तक पुसून ते दोघा नव्यांना मिळून एकच देत.

माझ्या जोडीला एक मुसलमान कातडीव्यापारी आले. फाळणीच्या बातम्यांचे दिवस होते. त्यांच्या मोहल्ल्यात मी जात नव्हतो, माझ्या आळीत ते येत नव्हते. लॉजच्या बाकावर मात्र आम्ही खांद्याला खांदा लावून एक जुना ग्रीक ग्रंथ मराठीत वाचत होतो. मी पान उलटायची घाई करी, ते पानावर बोट दाबून धरत.

एकदा कपाटात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत दिसली. मी चिडलोच. “दुसरी आहे, मग आम्हाला का छळता?”

“हाय की,” बागायतदार शेमला झटकत म्हणाले. “पन ती दिली, तर तुमी दोघं आपापल्या घरी जाऊन वाचाल.”

तो ग्रंथ संपला तेव्हा बागायतदारांनी पुढच्या पुस्तकाच्या दोन प्रती माझ्यापुढे धरल्या. मी एक कपाटात परत ठेवली. दुसरी काखेत मारली आणि व्यापाऱ्यांबरोबर त्यांच्या मोहल्ल्याकडे निघालो.