जबड्यात सुई घेतली त्या साली

आमच्या घराण्यात वावरासोबत भांडणंही वाटून घेतलेली आहेत. माझ्या वाट्याला धुऱ्याचं आलं. मेडशीच्या अलीकडं माझं आणि चुलतभावाचं वावर लागून आहे, मधात हातभर रुंद धुरा, म्हणजे बांध. दर साल पेरणीच्या तोंडावर चुलतभाऊ नांगराचा एक तास, म्हणजे एक ओळ, माझ्याकडं सरकवतो, आणि दर साल मी त्याला ठार मारायला जातो.

ठार मारायची आमची एक रीत होती. आधी एकमेकांच्या सात पिढ्या काढायच्या. मग खांद्यावरचे दुपट्टे मातीत आपटायचे. मग मी दात खायला लागायचो. माझं दात खाणं म्हणजे गिरणीत ज्वारीऐवजी गिट्टी टाकल्याचा आवाज. तो ऐकून पलीकडच्या किन्हीराजा गावची कुत्री तिकडून उत्तर द्यायची. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा. जबड्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी फुगायच्या, भुवयांच्या मधात आठी पडायची, आणि धुऱ्यावर तंबाखू मळत बसलेला एक म्हातारा ती आठी पाहून ओरडायचा, "धरा!"

की दोघं दंडाला, एक कमरेला. तिकडून चुलतभावालाही तिघं. मग मी "सोडा मले, याचा मुडदाच पाडतो" म्हणून बोंबलायचो, आणि खरंच सोडलं तर काय, या धाकानं आणखी जोरात बोंबलायचो. वीस वर्षं आम्ही एकमेकांचा खून करत होतो. रक्त निघालं ते फक्त धरणाऱ्यांच्या नखांनी.

पण या धंद्यात माझे दात झिजले. एक दिवस भुईमुगाचा दाणा चावताना दाढेचे दोन तुकडे झाले. बायको मला वाशिमला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरणी होती. माझ्या तोंडात बॅटरी मारून म्हणाली, "काका, हे दात नाहीत, घासून सपाट केलेला ओटा आहे."

तिनं आधी झोपताना दातांवर घालायची टोपी दिली. ती मी तीन दिवसांत चावून खाल्ली. मग ती म्हणाली, जबड्याच्या स्नायूत सुई देऊ, स्नायू ढिला पडेल, दात वाचतील. चारेक महिन्यांनी असर उतरतो. मी हो म्हणणार, तेवढ्यात बायकोची नजर भिंतीवरच्या चित्रातल्या गुळगुळीत बाईवर गेली.

"या बाईच्या कपाळाले काय केलं?"

"तेच औषध, मावशी. आठ्या जातात. काकांनाही देता येईल."

"द्या मंग. लग्नापासून हेच कपाळ पाहून राह्यली मी. चार महिने तं सुखाचे जाऊ द्या."

जबड्याला दोन्हीकडून आणि कपाळात, अशा मोजून शंभरेक सुया तिनं टोचल्या. डॉक्टरीण पाच-सहाच सांगेल, पण टोचल्या कोणाला? पंधरा दिवसांत माझं तोंड सोललेल्या अंड्यासारखं झालं. गावात लोक विचारू लागले, "काय भाऊ, पोरीचं जमलं काय?"

आणि पेरणी आली. चुलतभावानं तास सरकवला. मी गेलो.

सात पिढ्या काढल्या. दुपट्टे आपटले. मी दातावर दात दाबले. आवाज नाही! गादीवर गादी ठेवल्यासारखे दात एकमेकांवर निवांत बसले. आत माझं रक्त उकळत होतं, कानातून वाफ निघत होती, पण वरून चेहरा भजनाला बसलेल्या माणसाचा. म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "बसा रे. आज गमतीत हाय तो."

सगळे परत तंबाखूला लागले. मी मात्र दर सालच्या सवयीनं धाव घेतली होती. कोणीतरी धरेलच या भरवशावर घेतलेली धाव, तिला ब्रेक कुठून असणार? मी सरळ चुलतभावाच्या नाकावर जाऊन आदळलो. नाक मोडल्याचा आवाज मला माझ्या टाळूत ऐकू आला. त्याच्या सदऱ्यावर रक्ताची धार लागली. त्यानं बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून माझ्या खांद्यावर हाणली, हाड कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखं वाजलं. मी ढेकूळ उचलून त्याच्या कानशिलावर फोडलं. ढेकळात दगड निघाला. कान फाटला.

एवढं होईस्तोवर धुऱ्यावर बसलेल्यांना कळलंच नाही, कारण ते माझ्या तोंडाकडं पाहत होते, आणि माझं तोंड समाधानी होतं.

मग तो माझ्या छातीवर बसला आणि त्यानं दोन्ही अंगठे माझ्या गळ्यात रुतवले. गंमत संपली होती. डोळ्यांपुढं काळं येऊ लागलं. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या तोंडात टपकत होतं. शेवटचं हत्यार म्हणून मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. ऊस सोलणारे, सुपारी फोडणारे माझे दात! आणि त्यांनी त्याचं मनगट म्हातारीनं भाकर चघळावी तसं चघळलं. वळसुद्धा उठला नाही.

त्यानं मनगटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. गळा दाबलेला, जीव जाऊन राह्यला, आणि कपाळावर एक रेघ नाही. त्याचे हात गळून पडले.

"अबे... तुले लकवा मारला काय बे?"

मी नाही म्हणायला गेलो, पण चेपलेल्या गळ्यातून बोबडंच निघालं.

"धावा रे!" तो किंचाळला. "माह्या भावाले लकवा मारला!"

त्यानंच मला मोटरसायकलवर मधात बसवलं, मागून म्हाताऱ्यानं आवळून धरलं. म्हाताऱ्याच्या धरण्याची ती उशिराची पाळी. वाटेत गळा मोकळा झाल्यावर मी सुयांचं सांगितलं. चुलतभावाला पटेना, म्हणून गाडी थेट त्या दातांच्या दवाखान्यात. पांढऱ्या खुर्चीपुढं आम्ही दोघं रक्तानं माखलेले उभे.

"बाई," फाटका कान धरून तो म्हणाला, "याचा राग याले वापस द्या. आज म्या याचा जीवच घेतला असता. याचं तोंड पाहून कोणी उठलंच नाही हो!"

"आता परत घेता येत नाही. चार महिने थांबावं लागेल."

त्यानं बाहीनं नाकाचं रक्त पुसलं. मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "चार महिने धुऱ्यावर पाय ठेवू नको. म्या बी ठेवत नाही."

आम्ही दोघांनीही पाळलं. तो एक तास कोणीच पेरला नाही. त्यात गवत इतकं माजलं की एकदा त्याची म्हैस शिरली ती आठ दिवसांनी बाहेर आली.

सोयाबीन सोंगायच्या दिवसांत मी वाकून विळा चालवत होतो. गवतापलीकडून त्याच्या खोकण्याचा आवाज आला आणि माझ्या जबड्यात अचानक करकर झाली. दूर कुठंतरी कुत्रं भुंकलं. गवतातून त्याचं वाकडं नाक वर आलं.

"आला काय बे?"

"आला."

त्यानं आधी आपला विळा सोयाबीनच्या ढिगाखाली नीट खुपसून ठेवला. मीही माझा ठेवला. मग त्यानं दुपट्टा मातीत आपटला. मी अजून पाऊलही उचललं नव्हतं, तोच धुऱ्यावरून म्हातारा ओरडला आणि सोंगणाऱ्यांपैकी तिघांनी मला असं आवळलं की बरगड्या वाजल्या.

"सोडा मले!" मी पोटभर ओरडलो. "आज याचा मुडदाच पाडतो!"

"सोडू नका त्याले," पलीकडून तिघांच्या मिठीतून तो ओरडला, "अजिबात सोडू नका!"