सरांच्या हातची माळ

दवनीवाड्याचे ओमेश्वर सर बारावीला यकृत शिकवायचे, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा कान देऊन ऐकायची. "यकृतात कुप्फर पेशी असतात. रक्तातल्या बाकीच्या पेशी गावभर हिंडतात, ह्या मात्र घर सोडत नाहीत. आतड्याकडून येणारं रक्त यांच्या दारावरून जातं. त्यातले जंतू, म्हाताऱ्या तांबड्या पेशी, सगळं ह्या गिळतात. रोग शिरला की हाकाटी करून बाकीच्यांना बोलावतात." बहुतेकांची कावीळ अशी अंगातल्या पेशींच्या राबण्यानंच बरी होते, हेही सरांना पक्कं ठाऊक होतं. ते मात्र वर्गात कधी बोलले नाहीत. बोलणार कसे? त्यांचे वडील मनीराम काविळीची माळ द्यायचे, आणि पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं.

ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफायचे आणि माळ डोक्यावर ठेवायची. काड्या सुकतात, गाठी सैलावतात, माळ लांबत गळ्यात उतरते. लोक म्हणायचे, कावीळ उतरली. राबायचं पेशींनी आणि पाया पडून घ्यायचं मनीरामांनी, असा सगळा कारभार.

२००६ च्या पावसाळ्यात गावातला हिरालाल बायकोला, अल्काला घेऊन आला. डोळे पिवळेधमक, वर सातवा महिना. पोटुशीची कावीळ म्हणजे जिवाशी खेळ, हिला आत्ताच्या आत्ता गोंदियाला न्या, हे सरांच्या अगदी ओठावर आलं. पण अंगणात दहा माणसं बसलेली.

"बापू, माहे हात थरथरून राहिले. तूच बांध," मनीराम सरांना म्हणाले.

चारचौघांत बापाला खोटं कसं पाडायचं? सरांनी मुकाट्यानं गाठी मारल्या.

पाचव्या दिवशी अल्का बरळायला लागली, माणसं ओळखेना. मग गोंदियाला नेलं. ती गेली आणि पोटातलं लेकरूही गेलं.

आठवडाभर सर हिरालालच्या गल्लीत फिरकले नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती. शेवटी गेले. हिरालालनं बाज टाकली, पाणी दिलं. सरांनी पेला तसाच खाली ठेवला. मान खाली घालूनच ते म्हणाले, "हिरालाल, दवाखान्यात ने, असं मी त्याच दिवशी सांगाले पाहिजे होतं."

"तुमी कायले जिवाले लावून घेता, सर?" हिरालाल म्हणाला. "अल्का सोताच म्हणत होती, दवाखान्यात चला. मीच नाही म्हटलं. तुमच्या बुढ्याबाबानं बांधली असती तं नेलंही असतं. माळ सायन्सच्या सरनं बांधली, मंग कायले नेऊ?"