मावशींच्या गाई आणि कोबीचा पाला

२ मार्च. दूध संकलन केंद्रावरचे कॅन गरम पाण्याने धूत होते. शेजारच्या मावशींच्या गोठ्यातून किंकाळी आली. मी कॅन टाकून धावले.

कडेगावजवळच्या आमच्या गावाला मावशींचा राग नवा नव्हता. त्यांचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. अडून बसलेल्या गाईला बुक्की, बंद पडलेल्या पंपाला लाथ, दुधाची गाडी उशिरा आली की ड्रायव्हरच्या पाठीत धपाटा. "हाणू का आनी एक?" असं विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत हाणायच्या. ड्रायव्हर पाठ चोळत हसायचा. आम्ही सगळेच हसायचो. तुम्हीही हसला असता. कारण त्याच बाई थंडीत गाभण गाईच्या अंगावर स्वतःची वाकळ टाकायच्या.

यंदा थंडीभर मावशींच्या भावाच्या रानातला कोबीचा पाला टाकाऊ गड्ड्यांसकट फुकट येत होता. दोन्ही वेळा गव्हाणी त्यानेच भरायच्या. मी मावशींना खाद्यात मिसळायच्या खनिज मिश्रणाची पिशवी नेऊन दिली.

"माजी गाय दवाखान्यात न्हाई, गोठ्यात हाय. न्हे तुजी पावडर!"

दूध कमी नव्हतं, फॅट चांगली लागत होती. केंद्रावरच्या यंत्राला तेवढंच कळतं. मीही पिशवी परत घेऊन आले.

पहिलं वासरू मेलेलं जन्मलं. मग दुसरं. मावशींचा मुलगा फौजेत, त्याची बायको दिवाळीनंतर लग्न होऊन या घरात आलेली. मावशींनी वासरांचं मरण आणि सुनेचं येणं यांची सांगड घातली.

त्या सकाळी तिसरं. मी गोठ्यात शिरले तेव्हा वासरू पेंढ्यावर पडलं होतं. अंगावर केस नाहीत, गळ्याशी मुठीएवढी गाठ. सून गव्हाणीला टेकून खाली बसलेली. मावशींच्या हातात दुधाची बादली.

"पांढऱ्या पायाची! तिसरं खाल्लंस!"

"आत्या, म्या हातबी लावला न्हाई वं!"

तिने हात डोक्यावर आडवा धरला. बादली त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बादली पुन्हा वर गेली तशी मी मावशींना कमरेला धरून मागे ओढलं. त्यांच्या कोपराने माझा ओठ फुटला.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाठ चाचपली, गव्हाणीत पाहिलं.

"कोबी कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"मावशी, एवढ्या कोबीनं आयोडीन अंगी लागत नाही. पोटातल्या वासराला मिळत नाही, दुधातही उतरत नाही. वरून मिश्रण बंद. वासरं त्यानं गेली."

"म्हंजी, म्या मारली?"

डॉक्टर हात धुवायला गेले.

मावशींनी कोयता उचलला. मी सुनेच्या पुढे उभी राहिले. पण त्या बाहेर रचलेल्या पाल्याच्या ढिगाकडे गेल्या आणि कोबीवर घाव घालू लागल्या. गड्डे फुटत होते, पानं तोंडावर उडत होती. कोयता दगडावर तुटला, तेव्हा त्या मुठींनी मारत राहिल्या. मग मेलेलं वासरू मांडीवर घेऊन बसल्या. सुनेकडे एकदाही पाहिलं नाही.

सुनेचा हात दुपारी प्लॅस्टरमध्ये गेला. लोक म्हणाले, जाऊ दे, मावशींना कळलं आता. त्यांना कळलं ते वासरांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने मारणाऱ्या बाईचं पूर्ण नाव विचारलं. केंद्राच्या वहीत दुधाचं खातं मुलाच्या नावावर. अकरा वर्षं शेजारी राहून मला 'मावशी'पलीकडे त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. ते सुनेने सांगितलं. सही तिने डाव्या हाताने केली.