धाकटीचा हलका हात

नाट्यगृहाच्या मागच्या दारासमोर, जिथून सामानाच्या पेट्या आत जातात, तिथं एक अरुंद दुकान होतं. आत डोकावलं की आधी दिसायची ती लाकडाची डोकी. फळीवर ओळीनं मांडलेली, नाक-डोळे नसलेली. कुणावर राजाचे कुरळे केस, कुणावर म्हातारीचा अंबाडा, तर कुणी ठार टकलं. त्यांच्या मधोमध एक जिवंत डोकं खाली झुकलेलं असायचं, ते टोपवालीचं. ते वर झालं की गिऱ्हाईक नकळत एक पाऊल मागं सरकायचं.

नाटकात घालायचे खोटे केस, म्हणजे टोप, करण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. बारीक जाळीवर एकेक केस आकडीच्या सुईनं गाठ मारून बसवायचा, दिवसचे दिवस. जीभ मात्र त्या सुईपेक्षा तिखट. एका देखण्या नायकानं टोप टोचतो म्हणून तक्रार केली, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "डोक्यात काही नाही हे ठाऊक आहे रे, डोक्यावर तरी नीट राहू दे!" नायक गेला, आणि पुढच्या नाटकाला मुकाट्यानं परत आला. कारण तिचा टोप पुढच्या रांगेतल्या माणसालाही कळत नसे. "ज्या दिवशी कुणी माझा टोप ओळखेल," ती म्हणायची, "त्या दिवशी या दाराला कुलूप."

वडीलही टोपच करायचे. त्यांच्या दोन मुलींपैकी थोरलीच्या हाती सुई आली आणि धाकटीच्या हाती लेखणी. धाकटी शिकली, दूरच्या शहरात कॉलेजात शिकवायला लागली, वर्तमानपत्रांतून लिहायला लागली. थोरलीचं लग्न जुळलं नाही. तिनं जुळू दिलं नाही, असंही लोक म्हणत. वडील गेले, आई अंथरुणाला खिळली आणि तो विषयच मिटला. दुकानामागच्या खोलीत आई आणि पुढं टोपवाली, अशी वर्षं गेली. धाकटी सुट्टीत यायची, फुलं आणायची, रडायची, जायची. मग आईही गेली.

आणि वर्षभरानं एका सकाळी महाराणी रडत दुकानात आली.

महाराणी म्हणजे आयुष्यभर राण्यांच्या भूमिका केलेली नटी. आता तिला खाष्ट सासवांची कामं मिळत, पण चाल राणीचीच राहिली होती. नव्या टोपाचं माप द्यायला ती आली होती आणि छातीशी तिनं एक पुस्तक धरलं होतं.

"अगं, तुझ्या धाकटीनं काय लिहिलंय गं! आईचं आजारपण, मरण, देव, आपण कोण, कशासाठी जगतो... मी तर रडून रडून उशी भिजवली."

"अभ्रा लगेच धुवायला टाक, नाहीतर डाग राहतो. मान सरळ."

"पुस्तकाचं नाव तरी बघ. 'उरलेली उशी'!"

"त्या उशीचे अभ्रे पण मीच धुतलेत. मान सरळ म्हटलं ना!"

महाराणीनं पुस्तक तिथंच ठेवलं. "वाच तू. दगडालाही पाझर फुटेल," असं म्हणून ती गेली. दगड कोण, ते न सांगताच कळण्यासारखं होतं.

टोपवालीला धाकटीनं प्रत पाठवली नव्हती. तिनं दार लोटून घेतलं आणि वाचायला बसली. पुस्तक चांगलं होतं. त्याचाच तर तिला जास्त संताप आला. वाईट असतं तर भिरकावून मोकळी झाली असती. एकेक पान उलटत ती स्वतःला शोधत होती. आई होती, वडील होते, वडिलांचा सुईनं फाटलेला अंगठा होता. शेजारच्या मांजराला अर्धं पान होतं. थोरली बहीण कुठंच नव्हती. अगदी शेवटच्या पानावर एक ओळ होती: 'आईची शुश्रूषा करणाऱ्या अनामिक हातांना कृतज्ञतापूर्वक.'

"हात!" ती लाकडी डोक्यांना म्हणाली. "मांजराला अख्खं घेतलं, शेपटीसकट. माझे नुसते हात!"

एका प्रकरणात धाकटीचा देवावरचा विश्वास उडाला होता. आईच्या पलंगाशी बसल्या बसल्या उडाला, असं लिहिलं होतं. "चार दिवसांच्या सुट्टीत उडाला," टोपवाली पुटपुटली. "मला इतक्या वर्षांत देवाशी भांडायला सवड मिळाली नाही."

पण तिला खरा डंख बसला तो 'वेणी' नावाच्या प्रकरणानं. वाचकांचं सगळ्यात लाडकं प्रकरण तेच. शेवटच्या भेटीत धाकटी आईचे लांब पांढरे केस विंचरते. आई डोळे मिटून म्हणते, तुझा हात किती हलका गं. आणि धाकटी लिहिते: 'त्या क्षणी मला कळलं मी कोण आहे. मी म्हणजे फक्त आईच्या केसांतून फिरणारा एक हात.'

टोपवाली हसली. ते हसू कुणी पाहिलं असतं तर घाबरलं असतं.

कारण त्या भेटीत आईच्या डोक्यावर ते लांब केस नव्हतेच. टोप होता.

झालं होतं ते असं. अंथरुणावर पडून पडून आईच्या केसांचा गुंता व्हायचा. टोपवाली रोज सोडवायची आणि आई रोज म्हणायची, "हिसडतेस गं! धाकटीचा हात कसा हलका आहे." रोज. जेवण भरवताना नाही, कूस बदलताना नाही. फणी लागली की हटकून धाकटीचा हात. एका दुपारी टोपवालीची तळपायाची आग मस्तकात गेली. हाताशी धंद्याची कात्री होती. तिनं मानेपासून अख्खी वेणी कापली आणि म्हणाली, "आता बोलव तुझ्या हलक्या हाताला!"

आई दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मग धाकटी येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा भिंतीकडूनच म्हणाली, "तिला हे दिसता कामा नये. मला टोप करून दे."

टोपवालीनं दुकानाचं दार बंद ठेवून त्याच वेणीचा टोप केला. आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम. जाळी इतकी तलम, की कपाळावर कड दिसेना. धाकटी आली, तिनं तो तासभर विंचरला आणि तिला काही कळलं नाही. ती गेल्यावर आई समाधानानं म्हणाली, "बघितलंस? किती हलका हात." तेही टोपवालीनं गिळलं होतं. ते आता पुस्तकात छापून आलं होतं.

त्याच आठवड्यात वाचनालयात धाकटीचं वाचन ठरलं. त्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. उंबऱ्याशीच थांबली आणि सही केलेली प्रत पुढं केली.

"ताई, रागावलीस?"

"मी? माझे तर नुसते हात आहेत बाई. हात कुठं रागावतात?"

धाकटी आत येऊन स्टुलावर बसली. "तुला पुस्तकात घातलं असतं, तर जशी आहेस तशी घालावी लागली असती."

"मग घालायची. घाबरलीस कुणाला?"

"तू आईवर ओरडायचीस. दाराबाहेरून ऐकलंय मी. लोकांनी काय म्हटलं असतं तुला?"

"लोकांनी मला काय म्हणायचं बाकी ठेवलंय? वाईट म्हणून घातलं असतंस तरी चाललं असतं. बाई होती, खाष्ट होती, एवढं लिहायला किती शाई लागते? त्या मांजरानं काय दिवे लावले होते?"

"पुस्तक माझ्या दुःखाचं आहे, ताई. तुझ्या हजेरीपटाचं नाही."

"दुःख तुझं आणि बेडपॅन माझं. छान वाटणी!"

धाकटी उठली. दारात वळून म्हणाली, "संध्याकाळी आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तर त्याहून बरं." तीही त्याच आईची मुलगी होती.

टोपवाली गेली. इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पुठ्ठ्याचा खोका घेऊन पहिल्या रांगेत बसली. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. ग्रंथपालांनी माईकवर फुंकर मारली, लेखिकेची ओळख करून दिली. मग धाकटीनं 'वेणी' वाचलं. तिचा आवाज चांगला होता, थांबण्याच्या जागा अचूक होत्या. लोक नाकाला रुमाल लावून बसले होते. महाराणी तर हुंदके असे देत होती, की शेवटच्या रांगेपर्यंत पोचावेत.

वाचन संपलं. प्रश्नांच्या वेळी मागून एक बाई उठली. "तुमचं पुस्तक मी तीनदा वाचलं. एकच विचारायचंय. त्या वयात, इतक्या आजारात, आईंचे केस इतके दाट कसे राहिले? तेल कुठलं लावायच्या?"

धाकटीनं माईक जवळ ओढला. तिची नजर पहिल्या रांगेतल्या खोक्यावर गेली.

टोपवाली उभी राहिली. याच घटकेसाठी ती आली होती. "तेल नाही बाई, जाळी!" म्हणत तिनं खोका उघडला, टोप काढला आणि मुठीवर चढवून उंच धरला. लांब पांढरे केस तिच्या कोपरापर्यंत ओघळले. "ही बघा वेणी. हिनं विंचरला तो हा टोप. मी केलेला."

कुणीतरी खुदकन हसलं. मग सभागृहात कुजबुज उसळली, आणि तिच्यात गोडवा अजिबात नव्हता.

"अगं, मत्सर तरी किती असावा!" महाराणी ओरडली.

एक निवृत्त हेडमास्तर काठी टेकत उठले. "बाई, दुसऱ्याच्या शोकात असा तमाशा करू नये. लाज बाळगा. खाली बसा!"

"खोटं वाटतं? या, हात लावून बघा!"

"बाहेर काढा त्यांना!" मागून दोघं-तिघं म्हणाले. ग्रंथपालांनी येऊन तिचा दंड धरला. टोपवालीला अख्खं गाव घाबरत आलं होतं. तिच्या दंडाला असा हात आजवर कुणी घातला नव्हता. टोप मुठीवरून घसरायला लागला. ती तो सावरू बघत होती आणि ग्रंथपाल ओढत होते.

"सोडा तिला," माईकमधून आवाज आला. धाकटी पांढरीफटक पडली होती. "ती माझी थोरली बहीण आहे. आईचं सगळं तिनं केलं. ती म्हणते ते खरं आहे. तो टोपच होता."

ग्रंथपालांची पकड ढिली झाली.

"आणि केस मी कापले होते!" टोपवालीनं दंड सोडवून घेत सांगितलं. "रागानं कापले. तेही ऐका. सगळं ऐका!"

"म्हणजे आम्ही खोट्या केसांवर रडलो?" हेडमास्तर म्हणाले.

"खोटे कुणाला म्हणता? आईचेच आहेत! एकेक केस मी बसवलाय!"

पण तेव्हा लोक उठायला लागले होते. जी बाई तेलाचं विचारत होती, तिनं सहीसाठी आणलेलं पुस्तक परत पिशवीत टाकलं. एकानं आपली प्रत टेबलावर ठेवली आणि तशीच सोडून गेला. महाराणी दोघींच्या मधून राणीच्या चालीनं निघून गेली, कुणाशी न बोलता. ग्रंथपाल माईकची वायर गुंडाळायला लागले.

बाहेर पायऱ्यांवर दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या.

"झालं समाधान?" धाकटी म्हणाली.

 टोपवालीच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. "तू दचकली नाहीस," ती म्हणाली. "मी टोप काढला तेव्हा सगळे दचकले. तू नाही."

धाकटी रस्त्याकडं बघत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच फणीला कळलं. मी तुला विचारणार होते, तर आईनं माझं मनगट धरलं. घट्ट. मग मी गप्प विंचरत राहिले. ओढला असता तर हातात आला असता ना तो. म्हणून हात हलका ठेवला, ताई. इतका हलका, की खांदा भरून आला."

टोपवाली खाली पायरीवर बसली. इतकी वर्षं छातीत रुतलेली धाकटीची ती हलक्या हाताची कीर्ती, निदान शेवटच्या भेटीतली, तिच्याच टोपामुळं होती. रडावं की भांडावं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं विचारलं ते भलतंच.

"कुठं कळलं?"

"काय?"

"टोप! कुठं दिसला? कपाळाशी? भांगात?"

"डाव्या कानामागं."

"कानामागं!" तिनं खोका उघडून टोप उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून जाळीची कड डोळ्यांशी नेली. बराच वेळ बघितलं. "एक टाका सैल आहे," ती खोल आवाजात म्हणाली. "एकच. तेवढ्यात आईनं पाणी मागितलं होतं."

धाकटी तिच्याशेजारी बसली, तरीही थोडं अंतर ठेवूनच. "पुस्तक पुन्हा निघालं, कुणी घेतलं, तर मी सगळं लिहीन. कात्री, वेणी, तुझं ओरडणं. नंतर रडत यायचं नाही."

"रडत्येय माझी बला! लिही. मोठी बहीण, रागीट, जिभेला हाड नाही, आईचे केस कापले. मोठ्या अक्षरात लिही." टोपवालीनं टोप खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले. "फक्त एक लिहायचं नाही."

"काय?"

"तुला तो ओळखू आला, ते. मला अजून दुकान चालवायचंय."