जावयाच्या मापाचं विमान

माझी उंची सहा फूट तीन इंच. वयानं आता त्यातला एखादा इंच खाल्ला असेल, पण मी सांगतोय त्या काळात ती पुरती शाबूत होती, आणि नको तिथं होती. उंच माणसाचे पाय लांब असतात अशी लोकांची ठाम समजूत असते. माझे पाय चारचौघांसारखेच. सगळी वाढ कमरेच्या वर झालेली. उभा असलो की लोक नुसतंच "केवढा उंच" म्हणत. बसलो की मागचे लोक "अहो, जरा खाली बसा" म्हणत, आणि मी तर खालीच बसलेलो असे. मिस्साला मी शेवटचा बाक कधी सोडला नाही. त्यावरून माझी श्रद्धा बेताचीच आहे असं फादरांनी ठरवून टाकलं होतं. लग्नात आम्ही नवराबायको एका उंचीचे दिसू म्हणून फोटोवाल्यानं आम्हाला शेजारीशेजारी खुर्च्यांवर बसवलं, तर फरक आणखी वाढला. तो फोटो आम्ही भिंतीवर लावलेला नाही.

सासरे नंदाखाल गावचे. उंची पाच फूट दोन इंच, तीही केस विंचरलेले नसताना. उभी हयात विमानतळावरच्या वर्कशॉपमध्ये विमानं खोलण्यात आणि जोडण्यात गेली. पण त्यांनी स्वतः विमानातून कधी प्रवास केला नव्हता. नोकरीत फुकटचा पास मिळे, तो दरवर्षी तसाच परत जाई. "दुसऱ्यानं केलेल्या विमानात काय बसायचं," म्हणत. "बसेन तर मी केलेल्या." घरचे हसत. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा ते निवृत्त झाले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी वाडीतली केळी पिकवायची वखार रिकामी करून झाडून घेतली. तेव्हा घरच्यांचं हसू थांबलं.

घरी बांधायच्या छोट्या विमानाचे नकाशे त्यांनी आधीच परदेशातून मागवून ठेवले होते. लाकडाचा सांगाडा, वर प्लाय आणि कापड, नाकावर एक जुनं दुरुस्त केलेलं इंजिन. आसनं दोन, एकामागे एक. मागचं त्यांचं, हे सांगायचीही गरज नव्हती. पुढचं चालवणाऱ्याचं, म्हणजे माझं. मी पापडीच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, पण कॉलेजात असताना सवलतीत विमान चालवायला शिकलो होतो आणि पोटाला चिमटा काढून लायसन जिवंत ठेवलं होतं. वर्षाकाठी चार-पाच तास फ्लाइंग क्लबच्या विमानात, तेही शेजारी कुणी तरी बसलेलं. स्वतःच्या घरचं विमान एकट्यानं चालवायला मिळणार या कल्पनेनं मी वर्गात न्यूटनचे नियम शिकवताना मधेच गप्प होत असे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी माझ्या पगाराऐवजी लायसनची चौकशी केली होती, हे मला बायकोनं पुढे सांगितलं.

नकाशावर आसनात बसलेला एक माणूस काढलेला होता. मध्यम बांध्याचा, मध्यम उंचीचा, समाधानी चेहऱ्याचा. त्याच्यासाठी सगळं बेतलेलं. माझ्यासाठी पुढची बसायची खोबण वाढवायला हवी होती, म्हणून माप हवं होतं. नेमके मी जाणार त्या दिवशी सासरे सरस आणि प्लाय आणायला मुंबईला गेले होते. जाताना सुताराला सांगून गेले, "जावई येतील, त्यांचं माप घेऊन ठेवा."

सुतार राजोडीचा. होड्या दुरुस्त करायचा, आणि आसपासच्या तीन गावांत कुणी वारलं की पेटी त्याचीच असायची. हात फार सुरेख होता. मी वखारीत शिरलो तर त्यानं जमिनीवर फळी टाकून ठेवलेली.

"मास्तर, आडवे व्हा."

मला वाटलं, विमानाचं माप असंच घेत असतील. मी आडवा झालो.

"हात छातीवर घ्या. असं नाय, एकावर एक." त्यानं दोरी टाकली, डोक्यापासून टाचेपर्यंत. मग खांद्यावर. खांदा मोजताना त्यानं मान हलवली. "रुंदीला बरे हायेत तुमी. लांबीलाच फळी जोडावी लागंल."

"जरा मोकळं ठेवा," मी पडल्या पडल्या म्हटलं. "हालचाल करायला जागा हवी."

"मास्तर, एकदा आत गेल्यावर कोन हालतो," तो म्हणाला, आणि मापं चिठ्ठीवर लिहून पेन्सिल कानाला लावली.

मी तिथंच उठून बसायला हवं होतं. पण समोरचा माणूस त्याच्या कामात तरबेज दिसला की मी कधी मधे बोलत नाही, हा माझा जुना दोष आहे. संध्याकाळी सासरे आले. चिठ्ठीवरची लांबी त्यांनी पाहिली, आणि बसलेल्या माणसाची उंची म्हणजे उभ्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, असा हिशेब धरून खोबण आखली. शंभरातल्या नव्व्याण्णव माणसांना तो हिशेब लागू पडला असता.

दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा विमानात बसलो. वाडीतली निम्मी माणसं वखारीच्या दारात उभी होती. मी मोठ्या थाटात पाय आत टाकले, बसलो, आणि पारदर्शक झाकण ओढलं. ते माझ्या डोक्यावर टेकलं आणि वीतभर उघडंच राहिलं. मान खाली घालून ते कसंबसं खाली आणलं, तर हनुवटी छातीला लागली आणि मला फक्त माझा पोटाचा पट्टा दिसू लागला. छातीवर हातांची घडी घातली तर खांदे अगदी बरोबर बसत होते. पण विमान हात घडी घालून चालवत नाहीत. विमान वळवायची दांडी डावीकडे न्यायला गेलो की कोपर प्लायवर आपटे, उजवीकडे नेली की दुसरं कोपर. दारातून कुणी तरी म्हणालं, "काढा त्याला, घुसमटेल." मग मला दोघांनी धरून बाहेर ओढलं.

सासऱ्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग सुताराकडे वळले. "माप घेतलंत कसं?"

"नेहमी घेतो तसं."

"झोपवून?"

"मंग? उभ्यानं कुनाचं घेतात?" सुताराला खरोखरच प्रश्न पडला होता. "इतकी वर्सं करतो. आजवर कोनी परत आनून दिली नाय."

लोक इतके हसले की वखारीमागची कोंबडी उडाली. मीही हसलो, पण बोटांवर आठवडे मोजत होतो. कारण विमानखात्याचा अधिकारी नाताळ झाल्यावर तपासणीला यायचा होता, आणि त्याची अट पत्रात स्वच्छ लिहिलेली होती: चालवणारा आत बसलेला, पट्टा बांधलेला, झाकण बंद, आणि दांडी चारही दिशांना शेवटपर्यंत फिरलेली दिसली पाहिजे. तरच उडायची परवानगी. मी मावलो नाही तर दुसरा कुणी तरी चालवणारा शोधावा लागणार होता, आणि तसा एक क्लबात होता. चणीनं लहान, स्वभावानं गोड. तो दोनदा वाडीवर येऊन केळी खाऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा विमानाभोवती फिरताना "मला अगदी फिट होईल" असं म्हणाला होता. त्याचं नाव निघालं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबत.

मग आमची खटपट सुरू झाली. शाळा सुटली की मी सायकल हाणत नंदाखालला. कोपरांचं दुखणं सोपं होतं. सुतारानं दोन्ही बाजूंना प्लाय कापून बाहेरून फुगवटे बसवले, गालात सुपारी धरल्यासारखे. डोक्याचं जमेना. गादी काढली, पातळ गोणपाट घातलं, तर दोन बोटं मिळाली. आसन खाली नेलं, तर खालून दांडीच्या तारा गेलेल्या. आणखी एक बोट मिळालं. मी केस बारीक कापून आलो. बायको म्हणाली, "आता सालं काढणार का डोक्याची?" झाकण उंच करावं तर तसलं प्लॅस्टिक पुन्हा मिळायची आशा नव्हती. अजून चार बोटं हवी होती, आणि ती मिळायची एकच वाट राहिली: आसन मागे सरकवून त्याची पाठ आरामखुर्चीसारखी कलती करायची. म्हणजे मी अर्धवट पहुडून विमान चालवणार.

एका रविवारी मिस्सानंतर सासऱ्यांनी मला तसं बसवून पाहिलं. ओळंबा लावला, वही काढली, माझं वजन विचारलं, आकडे मांडले, पुन्हा मांडले. झाकण माझ्या डोक्यावरून अलगद बंद झालं, मधून तळहात फिरला. दांडी चारही बाजूंना गेली. माझ्या तोंडून शीळ निघाली.

"आता तोल मागे जातो," सासरे वहीत बघत म्हणाले. "तुमचं वजन मागे आलं ना. मागं अजून एक माणूस बसला तर शेपूट जड होईल. आणि तसंही पाय ठेवायला जागा राहिलीच नाही. मागचं आसन काढून टाकू."

"आणि तुम्ही, बाबा?"

"मला काय. मला वर गरगरतं."

हे सांगणारा माणूस वयाच्या साठाव्या वर्षी स्वतःच्या वाडीतल्या माडांवर चढून शेंडे साफ करत होता. वर बसून खालच्या माणसांशी भावाची घासाघीस करत होता. मला हे माहीत होतं, कारण खाली नारळ गोळा करायला मीच उभा असायचो. तरी मी "बरं" म्हटलं. मला ते खरं वाटलं म्हणून नाही, मला ते खरं हवं होतं म्हणून. दुपारपर्यंत मागचं आसन निघालं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं सोडवलं, स्क्रू एका डब्यात घातले आणि डब्यावर 'जादा' असं लिहिलं.

जेवताना मी बायकोला सांगितलं. तिनं कालवण वाढता वाढता हात थांबवला.

"बाबांना गरगरतं?"

"ते म्हणाले तसं."

"तुम्ही पुन्हा विचारलंत का?"

"एकदा म्हणाले ना! पुन्हा काय विचारायचं?" माझा आवाज चढला. तिनं उरलेलं कालवण माझ्या ताटात वाढलं, आणि मला त्याचा अतिशय राग आला. पुन्हा विचारलं असतं तर ते खरं बोलले असते आणि माझ्या जागी तो क्लबातला गोड माणूस बसला असता. मागे बाबा, पुढे तो, दोघेही ऐसपैस. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी जास्तीचा भात घेतला आणि खाल्ला नाही.

तपासणी झाली. अधिकाऱ्यानं मला पट्ट्यानं आवळून, झाकण लावून आत पंधरा मिनिटं ठेवलं आणि दांडी फिरवत राहायला सांगितलं. मी घामाघूम, पण टाळूला काही टेकलं नाही. झाकण बंद झालं तेव्हा सुतारानं सवयीनं क्रूसाची खूण केली, मग मी आतून हात हलवला तसा चपापला. अधिकाऱ्यानं सही केली. पंख काढून विमान ट्रकवर चढलं, मुंबईला क्लबच्या धावपट्टीवर गेलं, तिथं पुन्हा जोडलं. फादरांनी वाडीतच त्यावर पवित्र पाणी शिंपडून दिलं होतं, जरा जास्तच.

एका गार सकाळी ते उडालं. वाडीतली माणसं टेम्पो करून आली होती. चाकांचा खडखडाट थांबला, आणि मी एकटा, पाठीवर रेललेला, समुद्राच्या वर होतो. वीस-पंचवीस मिनिटं होतो. खोटं कशाला बोलू, त्या वेळात मला कुणाचीही आठवण आली नाही. मी मोठ्यानं गात होतो. उतरलो तेव्हा गालाचे स्नायू दुखत होते, इतका वेळ हसू तोंडावर होतं.

सासरे आधी इंजिनाकडे गेले. तेल कुठं गळलंय का पाहिलं, दोन्ही पंखांखाली वाकून आले, चाकाला हात लावला. मग माझ्यापाशी येऊन नुसतीच मान डोलावली. लोक पेढे वाटत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही एकदा बसा तरी."

"नको, नको." पण तोवर त्यांनी चपला काढल्या होत्या.

आत पाय टाकून ते बसले आणि दिसेनासे झाले. मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. आसन इतकं मागे आणि इतकं खाली होतं की त्यांचे पाय पेडलांपासून हातभर अलीकडे लोंबत होते. दांडी धरायला ते पुढे सरकले, तर आणखी खाली गेले. समोरच्या काचेतून त्यांना काय दिसत होतं ते मी पाहिलं: फक्त आभाळ. धावपट्टी नाही, माणसं नाहीत, काही नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेल्या त्या विमानात एक तसू जागा त्यांच्या मापाची उरली नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी सहा फूट तीन इंच आहे हे त्या क्षणी खरं वाटेना.

"कसं वाटतंय, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही कोपरं बाजूला पसरून पाहिली. कुठंच टेकली नाहीत.

"छान मोकळं झालंय," ते आतून म्हणाले. "तुम्हाला त्रास नाही व्हायचा."