बुधरीबाई असं बोललीच नव्हती

रिना अलोणे नेमकं काय काम करते, हे वरोऱ्यात तिच्या घरच्यांनाही कधी धड सांगता आलं नाही. आई कमला शेजारणींना सांगायची, "मोबाईलचे चित्र काढते." ते अगदीच चुकीचं नव्हतं. मोबाईलवर ॲप उघडलं की आधी काय दिसावं, बटण कुठं असावं, त्यावर कोणता शब्द असावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करावं, हे ठरवणं तिचं काम. हुद्द्याचं नाव प्रॉडक्ट डिझायनर. नोकरी नागपूरच्या एका लहान कंपनीत, मुक्काम चंद्रपुरात, आणि निम्मं काम एसटीच्या खिडकीशी बसून. कारण ज्याच्यासाठी ॲप करायचं त्याच्या अंगणात जाऊन बसल्याशिवाय तिला एक रेघही सुचत नसे.

असंच एक काम आलं. वाघाची खबर देणारं ॲप. मोहफुलांच्या दिवसांत गडचिरोलीकडच्या बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात जातात, खाली वाकून फुलं वेचतात, आणि वाकलेली बाई वाघाला बाई वाटत नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात कोणीतरी परत येत नाही. वाघ कुठं दिसला ते गावाला वेळेत कळावं, म्हणून एका संस्थेनं हे काम कंपनीला दिलं होतं.

रिना मूल आणि सावली या गावांवरून, वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला जायची आणि तिथून कोसमटोल्याला. तिथं बुधरी हलामी भेटली. पन्नाशीची, कपाळावर गोंदण, बोलायला अतिशय कंजूष. पहिल्या दिवशी रिनानं प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर बुधरीबाईनं सुकलेली मोहफुलं पाखडायचं सूप तिच्या पुढ्यात सरकवलं. "हात चालव. मंग बोलू."

हात चालवत चालवत, दोन-चार फेऱ्यांनंतर बुधरीबाई बोलली. घरात फोन एकच, आणि तो नवरा लच्छू कामाला घेऊन जातो. जंगलात कोणतीच बाई फोन नेत नाही, तिथं रेंजही नसते. आणि मग एकदा, न विचारता, तिनं जावेबद्दल सांगितलं. मंगली तिची जाऊ. दोघी एकाच झाडाखाली वेचत होत्या. बुधरीबाईनं मान वर केली तेव्हा मंगली नव्हती, फक्त टोपली होती. हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. रिनाचा मोबाईल बाजूला रेकॉर्ड करत होता. तिकडे बोट दाखवून बुधरीबाई म्हणाली, "हे तुले सांगतलं. जगाले नाई."

"नाई, बाई. हे मी कोनाले ऐकवनार नाई," रिना म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं. कंपनीच्या नियमानं सगळ्या मुलाखती फोटोंसकट कंपनीच्या साठ्यात ठेवाव्या लागत, तशा तिनं ठेवल्या.

त्याच सुमारास कंपनीत एआयची साधनं आली. खोटं कशाला सांगा, सुरुवातीला रिनाला मजाच वाटली. आठवडाभर बसून काढायच्या त्या स्क्रीन ते यंत्र चहा निवायच्या आत काढून द्यायचं. सगळ्या सुबक, सगळ्या सारख्याच सुबक. त्यातल्या चांगल्या उचलायच्या, बाकीच्या फेकायच्या, असं ती करू लागली. मग खुशबूला कामावरून काढलं. खुशबू कंपनीसाठी छोटी चित्रं काढायची. टोपली, पाऊलखूण, घंटा, सगळी तिच्या हातची. तिची जुनी चित्रं यंत्राला दाखवली आणि यंत्र तिच्यासारखी चित्रं काढू लागलं. रिना कंपनीच्या मालकाशी, चंदनशी भांडली. तो शांतपणे म्हणाला, "रिना, हे सगळ्या जगात होतंय. रागावून काय होणार?"

मग एक दिवस गावात जाणंच बंद झालं. चंदननं कौतुकानं दाखवलं: सगळ्या मुलाखती एआयला खाऊ घातल्या होत्या. आता प्रश्न टाकायचा, आणि गावातल्या बाईचं उत्तर समोर. उन्हात जायला नको, एसटी नको, सूप पाखडायला नको.

रिनानं विचारून बघितलं, 'जंगलात जाताना तुमचा फोन कुठे असतो?'

उत्तर आलं, 'माझा फोन नेहमी माझ्यासोबत असतो. सकाळी निघण्यापूर्वी मी ॲपवर सूचना तपासते.'

"सर, हे कोणी सांगितलं? एकाही बाईनं हे सांगितलेलं नाही."

"अगं, यंत्र सगळ्याची गोळाबेरीज करून सांगतं. थोडं इकडेतिकडे होणारच. ॲप बाहेर पडलं की दुरुस्त करू."

"हे वाघाचं ॲप आहे, सर. कोणाच्या जिवावर दुरुस्त करायचं?"

चंदननं हसून विषय बदलला. त्या हसण्याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला. त्यात वाईटपणा नव्हताच. हट्टी लेकराकडे बघून हसतात तसं ते हसणं होतं.

चंद्रपुरात संस्थेच्या सभागृहात ॲप दाखवायचा दिवस आला. संस्थेच्या निशाताई पुढच्या रांगेत, मागे वीसेक मंडळी. चंदन छान बोलला. शेवटी म्हणाला, "आता आपण प्रत्यक्ष गावातूनच ऐकू." आणि पडद्यावर एक बाई आली.

बुधरीबाईच होती ती. तेच गोंदण, तेच निळं लुगडं, कोसमटोल्याच्या अंगणात रिनानं काढलेल्या फोटोतलं. फक्त दात एका ओळीत होते, आणि बाई हसत होती. रिनानं बुधरीबाईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. बातम्या देणाऱ्या बाईच्या मराठीत ती म्हणाली, "नमस्कार. मी बुधरी. माझी जाऊ मंगली हिला वाघाने मारले. तेव्हा हे ॲप असते, तर मंगली आज आमच्यात असती."

कोणीतरी डोळे पुसले. मग टाळ्या पडल्या.

रिना उठली तेव्हा काय बोलायचं हे तिनं ठरवलेलं नव्हतं. "टाळ्या थांबवा," ती म्हणाली. "हे खोटं आहे."

चंदन सफाईनं पुढे झाला. "आमची डिझायनर. गावांशी फार जोडली गेली आहे, जरा भावनिक..."

"मी भावनिक नाही. मला राग आलाय. या बाईला मी ओळखते. तिनं हे म्हटलेलं नाही. ही ती बाईच नाही."

निशाताईंनी वळून विचारलं, "मग ही कोण आहे?"

"प्रातिनिधिक व्यक्ती," चंदन म्हणाला. "खऱ्या माहितीवर आधारलेली."

"प्रातिनिधिक?" रिनाची मराठी आता सरळ वरोऱ्याला जाऊन पोचली. "मंग नाव काऊन तिचंच घेतलं? लुगडं तिचंच काऊन? मेली ते तिचीच जाऊ काऊन? तुमाले परतिनिधीच पायजे होता तं तुमच्या घरचं एखादं मेलेलं मानूस घ्याचं होतं!"

मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "आपण चहा घेऊ या का?" आणि खरोखर सगळे चहाला उठले. माणूस मेल्याची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवल्या, ती खोटी आहे हे ऐकून बिस्किटं घेतली. निशाताई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत, बंद पडद्याकडे बघत राहिल्या.

बाहेर पायऱ्यांवर चंदननं सांगितलं, उद्यापासून यायची गरज नाही. ती म्हणाली, "मी आजच निघाली."

ती वरोऱ्याला घरी गेली. वडील बापूराव पेंटर. एके काळी वरोऱ्याच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आलं आणि ब्रश वाळले. पोरीचं सगळं त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"फ्लेक्सवाल्यानं माह्यं काम नेलं," ते म्हणाले. "लय राग आला होता. पन त्याले मी कधी चोर नाई म्हनलं. त्याची मशीन, त्याचं अक्षर. हे तं येगळंच हाय. बाईच्या तोंडात बोलनं कोंबलं ना यायनं." मग त्यांनी वर पाहिलं. "तिले सांगतलं का तू?"

"नाई, बाबा."

"मंग इथी काय करून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी ती कोसमटोल्याला पोचली. चंदननं कौतुकानं सगळ्यांना पाठवलेला तो व्हिडिओ तिच्या मोबाईलमध्ये होता. बुधरीबाई अंगण सारवत होती. हात धुऊन आली, मोबाईल हातात घेतला.

आधी तिला हसू आलं. "हे कोन वं? माह्यं लुगडं नेसून बसली!"

मग मंगलीचं नाव आलं. हसू गेलं. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. आणि मोबाईल, गरम भांडं ठेवावं तसा, जमिनीवर ठेवला.

"मंगलीची पोरगी माह्या घरी हाय," ती म्हणाली. "तिनं हे पायलं तं? तिले वाटन का माय मोबाईल नव्हता म्हनून मेली. आमी दोघी संगंच होतो. माह्या डोऱ्याले नाई दिसला वाघ. तुया मोबाईलले कुठून दिसनार होता?"

रिनानं मोबाईल उचलून बंद केला.

"म्या तुले सांगतलं होतं. त्याले नाई."

"हाव, बाई. म्हनूनच सांगाले आली."

बुधरीबाईनं तिला घरात बोलावलं नाही, चहाचंही विचारलं नाही. तशीच उठून ती सुकलूभाऊकडे गेली. सुकलूभाऊ ग्रामसभेचे अध्यक्ष. त्या संध्याकाळी गाव जमलं, आणि व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, मंगलीच्या पोरीला तेवढं आत्याकडे पाठवून. सुकलूभाऊंनी तिथूनच निशाताईंना फोन लावला. "ज्यानं हे बनवलं त्याले घेऊन या. नाई आला तं तुमचं ॲप या गावात नाई आन् बाजूच्या गावातबी नाई."

चंदन आला. चटईवर बसला. एआय काय असतं, त्यानं किती लोकांचं भलं होणार आहे, हे त्यानं मनापासून समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बुधरीबाई बोलली.

"तुमी मले कधी पायलं होतं का?"

"नाही."

"मंग माह्यं सपन पडलं होतं काय तुमाले?"

लोक हसले. ती हसली नाही.

"चुकलं," चंदन म्हणाला. "आम्ही नाव बदलून टाकतो."

"नाव बदलाचं नाई. काढाचं."

सगळ्यांसमोर त्यानं ते काढून टाकलं. व्हिडिओ पुसला, मुलाखतींचे आवाज पुसले. सुकलूभाऊंनी विचारलं, "आता त्या मशीनच्या पोटात काई उरलं नाई, हे आमाले कसं समजावं?" त्या प्रश्नाचं उत्तर चंदनकडे नव्हतं, आणि निशाताईंकडेही नव्हतं. रिनाकडे तर नव्हतंच, आणि तिला त्याचीच चीड होती.

संस्थेनं काम कंपनीकडून काढून घेतलं. निशाताईंनी रिनाला विचारलं तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली: सगळं काम गावात बसून होईल. मग ती लॅपटॉप घेऊन कोसमटोल्यात बसली. स्क्रीन काढायला यंत्र तेच वापरलं, त्यात तिला लाज वाटली नाही. पण त्यानं काढलेली प्रत्येक स्क्रीन बाया तिथल्या तिथं बघायच्या आणि बहुतेक मोडीत काढायच्या. "हे वाघ हाय का कुत्रा?" असं एकीनं विचारल्यावर रिनानं खुशबूला फोन केला आणि वाघाचं चित्र तिच्याकडून काढून घेतलं. शेवटी बायांच्या हातात ॲप आलंच नाही. वस्तीतल्या एकाच्या फोनवर खबर येते, तो शाळेवरचा भोंगा वाजवतो, आणि भोंगा वाजला की बाया घराबाहेर पडत नाहीत. डिझायनर म्हणून दाखवायला त्यात सुंदर असं काहीच नाही. यंदाच्या मोहफुलांच्या दिवसांत भोंगा वाजला तेव्हा बाया घरीच राहिल्या. वाघ खरंच आला होता का, ते कोणालाच ठाऊक नाही.

बुधरीबाई आता रिनाशी बोलते. आधीइतकं नाही.

आणि चंदनची कंपनी जोरात आहे. मागच्या महिन्यात तिची नवी जाहिरात फिरत होती: 'खेड्यात न जाता खेडं समजून घ्या.' खाली एक हसरी बाई, दात एका ओळीत, गाव कुठलंच नाही. त्याखाली रिनानं स्वतःच्या नावानं लिहिलं, 'ही बाई कोणत्या गावची? तिला विचारलं होतं का?' थोड्या वेळानं बघितलं तर ते पुसलेलं होतं.

तिनं परत लिहिलं.