सुगंधाचा उकार

दुपारी जेवून पुन्हा टेबलाशी बसते, कागदावर गाल टेकते, आणि कागदाचा गारवा हळूहळू लांब जायला लागतो. पंख्याची घरघर ऐकू येते. मग ती घरघर राहत नाही. कुणीतरी दम धरून "कबड्डी, कबड्डी" म्हणतंय.

"ऊठ की विभे. झोपून अक्षरं काढतात होय?"

सुगंधा! कराडला शाळेच्या संघात माझ्याबरोबर खेळलेली, पुढं मुलींना खेळ शिकवणारी, गेल्या श्रावणात तापानं गेलेली. केस घट्ट बांधलेत, गुडघ्याला माती. ती गेलीय हे मला ठाऊक आहे, तरी भीती वाटत नाही. पोटातून आनंद उसळतो नुसता.

"उद्या तुझ्या पोरी मैदानात उतरतायत," मी घाईघाईनं सांगते. "छातीवर तुझं नाव असणार. संध्याकाळी जर्सी छापायला जायच्यात, आणि मला ते नाव जमत नाहीये गं!"

"दाखव."

टेबल कुठं गेलं? आम्ही एसटी स्टँडवर आहोत. जिकडं बघावं तिकडं मी सकाळपासून काढतेय तसलीच अक्षरं: ठसठशीत जाड, पुढं झुकलेली, दांड्याखाली विटेसारखा चौकोनी पाया. कुस्तीच्या फलकावर, सर्कशीच्या कापडावर, टेम्पोच्या पाठीवर. लांबूनही वाचता येतात.

"सगळी पळायच्या बेतात," सुगंधा म्हणते, "पण पडत एक नाही."

"विटा धरून ठेवतात त्यांना."

"मग माझंच का पडतंय?"

पायाखाली आता लाल माती, आणि मातीत चुन्यानं काढलेला माझाच 'सु', बैलगाडीएवढा. दांड्याखाली वीट, विटेला उकार अडकलेला. नुसता गुंता. खरंच, तोंडावर पडतंय ते.

सुगंधा त्या 'सु'शेजारी जाऊन उभी राहते. चढाईचा पवित्रा घेते. हात पुढं, अंग झुकलेलं, आणि मागचा पाय लांब, मधल्या रेषेकडं ताणलेला.

"वीट काढायची!" मी ओरडते. "उकार हाच पाय! जाड करायचा, मागं ओढायचा!"

"एवढा वेळ लागतो होय?" ती खदखदून हसते. "आणि ऐक, पहिली चढाई समीनाला द्या. घाबरते, पण पळते."

"थांब ना जरा."

"तू पळ आधी!"

मी रेषेकडं झेपावते. ती मागून सूर मारून माझा घोटा पकडते, तीच जुनी पकड. मी हसतेय, धडपडतेय, बोटं रेषेला लागतात न लागतात...

बोटं टेबलाच्या कडेवर आहेत. ऊन खिडकीत आलंय.

मी वीट खोडते. उकार जाड करून मागं ताणते. आणि 'सुगंधा' उभं राहतं, झुकलेलं, घट्ट, निघालेलं! छापणाऱ्याला पाठवते, मग संघाच्या कप्तानाला फोन लावते.

"पहिली चढाई समीनाला द्या."

"ताई, तुम्हाला कसं सुचलं? आमचं आत्ता तेच चाललंय."

घोटा ठणकतोय म्हणून फोन कानाशी धरूनच खाली वाकते. उजव्या घोट्यावर चार बोटांचे लाल वळ आहेत. हात लावून बघते. अजून गरम आहेत.